कॅमेऱ्याला रंग कळतो का?

पावसाळ्यात इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडावर गर्दी उसळते आणि जो तो मोबाइल काढून उभा असतो. पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळतेय, वर ढग बाजूला होऊन लख्ख ऊन पडलंय, आणि फोटोत पाणी येतं पांढरंफटक. सोबतचा कुणी धीर देतो, "राहू दे, एडिट करून काढू."

हा पहिला गैरसमज. फोटो म्हणजे आकडे. साध्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येकी ० ते २५५. फेसाळ पाण्यावर प्रकाश इतका असतो की तिन्ही आकडे २५५ ला टेकतात. शेजारचा पिक्सेल २५५, त्याच्या शेजारचाही २५५. फेसाचे पदर, उडणारे तुषार यांची नोंद झालेलीच नसते. एडिटिंगने तो भाग फार तर राखाडी करता येतो. अंधारातला कातळ मात्र नंतर बऱ्यापैकी उजळता येतो. म्हणून फोटो घेताना स्क्रीनवर पाण्यावर बोट टेकवा, उजेड कमी करा आणि कातळ काळा आला तर येऊ द्या.

जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त स्पष्ट फोटो, ही दुकानदारांची आवडती थाप. तेवढ्याच सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणूनच ४८ मेगापिक्सेलचे अनेक फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो हातात ठेवतात.

कॅमेरा रंग जसाच्या तसा टिपतो, हा समज सगळ्यात पक्का. खरं तर सेन्सरला रंग कळतच नाही, कळतो फक्त प्रकाश किती पडला ते. म्हणून त्याच्यावर रंगीत गाळण्यांची जाळी बसवतात. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, त्यांना १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. हिरव्या जास्त, कारण उजेडातला बारीक फरक आपला डोळा हिरव्याच्या आसपास सर्वाधिक ओळखतो. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून गणिताने भरले जातात. कॅमेऱ्यातल्या रंगांपैकी दोन तृतीयांश माहिती अंदाजाची असते! त्यात दिव्याचा पिवळेपणा किती काढायचा हेही कॅमेराच ठरवतो. व्हॉट्सॲपवर पसंत केलेली साडी घरी वेगळ्याच रंगाची निघते, त्यात प्रत्येक वेळी दुकानदाराची लबाडी नसते.

आता थोडं नांदेडकडे वळू. चित्रांतल्या अशा आकड्यांवरचं संशोधन पुण्या-बेंगळुरूला नाहीतर अमेरिकेत होतं, असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत डॉ. मनेश कोकरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मधुमेहामुळे बिघडणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या चित्रांचा संग्रह उभा केला. ही ५१६ चित्रं नांदेडमधल्याच एका नेत्र-चिकित्सालयात घेतलेली. प्रत्येक चित्र ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचं, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल. प्रत्येकावर आजार कोणत्या पायरीचा हे लिहिलेलं आणि त्यातल्या ८१ चित्रांत रक्ताचे ठिपके, पिवळट साके यांची हद्द पिक्सेल-पिक्सेल आखून दिलेली. २०१८ मध्ये हा संग्रह जगासाठी खुला झाला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या एका परिषदेत त्याच्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. पुढे २०२१ मध्ये याच संस्थेतून ३२०० चित्रांचा आणखी एक संग्रह आला, त्यात डोळ्याच्या अनेक आजारांची नोंद आहे. परदेशातले संशोधक आजार ओळखणारा आपला प्रोग्रॅम तपासायला नांदेडच्या रुग्णांच्या पडद्यांची चित्रं वापरतात, ही आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापायची बातमी होती.

या चित्रांत रंगाचा एक उलटा न्याय दिसतो. पडदा तांबडा, रक्त तांबडं, तेव्हा रक्तस्राव शोधायला लाल रंगाचे आकडे बघावेत असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात संशोधक बहुतेक वेळा हिरव्याचे बघतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे शिरा आणि रक्ताचे ठिपके त्या चित्रात गडद उठून दिसतात. लाल प्रकाश मागच्या थरांवरून सगळीकडूनच परत येतो आणि चित्र धुरकट, एकसारखं होतं. निळा तर डोळ्यातच बराच अडतो.

मधुमेहाने होणाऱ्या या आजाराची पहिली खूण म्हणजे केसासारख्या रक्तवाहिनीवर आलेला सूक्ष्म फुगवटा. एवढ्या मोठ्या चित्रातही तो थोडक्याच पिक्सेलांत मावतो. अशा चित्रावर फोनमधलं "फोटो सुधारा" चालवणं धोक्याचं आहे. त्यातले कित्येक प्रोग्रॅम नसलेला तपशील आपल्या मनाने रंगवतात, नाहीतर असलेला ठिपका कचरा समजून पुसतात. तपासणीचं चित्र डॉक्टरांना पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की त्याचा आकार घटतो आणि बारीक ठिपके आधी जातात.

मग आता मशीनच निदान करणार, डॉक्टर कशाला? मशीन शिकलं तेच तज्ज्ञांनी दिलेल्या खुणांवरून. हजारो चित्रांतून संशयित चित्रं वेगळी काढणं ते झपाट्याने करतं, आणि जिथे नेत्रतज्ज्ञ लांब आहेत अशा किनवटसारख्या तालुक्यांत त्याचा मोठा उपयोग होऊ शकतो. पण लेसर लावायचा की इंजेक्शन द्यायचं, हे डोळा तपासून डॉक्टरच ठरवतात.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा: "मला नीट दिसतंय, म्हणजे डोळे ठीक आहेत." पडद्यावर बिघाड सुरू झाला तरी बराच काळ नजर शाबूत राहते आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. घरात कुणाला शुगर असेल, तर त्यांना वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी करायला घेऊन जा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं समजू नका.