डोक्याला मार, चक्कर कानातली

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागतो, सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ येतो, रुग्ण घरी जातो. पण कूस बदलली की खोली गरगरते. घरचे म्हणतात, मेंदूला धक्का बसलाय, पडून राहा. नेमके इथेच चुकते. अनेकदा माराच्या धक्क्याने आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. मानेला इजा नाही ना, हे पाहून फिजिओथेरपिस्ट डोके एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवे करतात. डोळे आपोआप थरथरू लागले की कोणता कान, ते कळते. मग ‘एप्ली’ पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने फिरवून कण जागी नेतात. औषधाविना, काही मिनिटांत. तोल सांभाळून चालण्याचा सराव त्यानंतर. उलट्या, वाढती गुंगी असेल तर मात्र आधी रुग्णालयच.