आधी जीप वाचा, मग पाना उचला

अमरावती-अकोल्याकडे आजोबांच्या काळातली जीप सापडते ती बहुधा टिनाच्या शेडखाली, कुटाराच्या ढिगाशेजारी. नातवाला ती पुन्हा उभी करायची हौस येते आणि पहिला फोन जातो पेंटरला. घोटाळा तिथेच होतो. गाडी मुळात कशी होती, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे ती गाडीच. रंगकामाच्या घाईत तो पहिल्यांदा पुसला जातो.

सुरुवात ओळख पटवण्यापासून करा. ‘आमची जीप दुसऱ्या महायुद्धातली’ असे घरोघरी सांगतात. समोरच्या पत्र्याच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. नऊ असतील तर ती युद्धकाळातली विलीज किंवा फोर्ड कंपनीची, सात असतील तर नंतरची नागरी जीप, म्हणजे सीजे. पण जाळी बदललेलीही असू शकते, म्हणून खाली वाकून चेसिस पाहा. रेडिएटरखालची आडवी दांडी गोल नळीची असेल तर विलीज, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्ड. फोर्डने तर आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, ‘एफ’ अक्षर उठवले होते. बॉनेट उंच असेल तर ती सीजे-३बी. तिच्या इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट वर गेले. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवली ती हीच जात.

मग रंग. डॅशबोर्डच्या मागे किंवा माहितीपट्टीच्या खाली फवारा सहसा पोचत नाही. तिथे रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हळूहळू घासा. एकेका थराचे कडे उमटते. पत्र्याला लागून प्रायमर, त्यावरचा पहिला रंग कारखान्याचा. त्याचा उजेडात फोटो काढा आणि शेड जुळेपर्यंत तो तुकडा तसाच राहू द्या.

आता बोल्ट. या जीपचे मूळ बोल्ट इंची मापाचे. मिस्त्री ते सुतात मोजतात: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना आठ एमएमचाच वाटतो. पण बारीक आट्याच्या अडीच सुतीला इंचात २४ आटे, तर नेहमीच्या आठ एमएमला सुमारे २०. म्हणून अडीच सुतीच्या जागी आठ एमएमचा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडतो. पुढे जोर लावला की आटे मेले. पान्याचेही तसेच. चार सुती माथा १२.७ मिलिमीटरचा. त्यावर १३ चा पाना बसतो, पण घसरून कोपरे खातो. जुन्या सीजेवर एमएमचा बोल्ट दिसला, तर तिथे नंतर कोणाचा तरी हात फिरला आहे असे समजा. पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळ जीपांत डिझेल इंजिने बसली, तेव्हाच्या खुणा अशा सापडतात.

खोलताना प्रत्येक जोडाचा आधी फोटो, मग त्याचे नट-बोल्ट-वॉशर एका पिशवीत आणि पिशवीवर जागेचे नाव. गंजलेला बोल्टही फेकू नका. तो नमुना आहे. काळी माती चेसिसच्या सांध्यांत ओल धरून बसते, म्हणून सांधे खरवडून बघा. वाळलेले रबर फाटले तरी तुकडे ठेवा, नवे कापायला तेच माप.

सुट्या भागांच्या शोधाला निघताना हातात नमुना आणि त्या मॉडेलचा पार्ट्स कॅटलॉग हवा. आधी गावातला कबाडी, मग नागपूर, मग मुंबईचा चोर बाजार. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला तरी भोकांची अंतरे स्वतः ताडून पाहा.

शेवटी आरटीओ. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. तपासणीत चेसिसवरचा नंबर बघतात. म्हणून गंज काढणाऱ्या पोराच्या हाती ग्राइंडर देण्यापूर्वी त्या नंबरावर चिकटपट्टी लावा. बाकी सारे पुन्हा मिळू शकते, घासला गेलेला नंबर मिळत नाही.