मांडी मेक्सिकोला, कान चीनला

अमेरिकेत आठवड्याला साधारण 25 लाख डुकरं कत्तलखान्यात जातात, पण त्यांतलं एकही अख्खं एका गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत नाही. हाडासकटची मांडी मेक्सिकोला जाते आणि तिथल्या कारखान्यांत तिचं हॅम होतं. पाठीचा नरम भाग न गोठवता, नुसता थंड ठेवून बोटीने जपानला धाडतात, कारण टोन्कात्सू, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळलेले डुकराच्या मांसाचे काप, तळणाऱ्यांना तो तसाच हवा असतो. खांद्याला दक्षिण कोरियात मागणी आहे. पोटाचा भाग बेकनसाठी बहुतेक घरीच राहतो. कान, पाय आणि आतड्यांना अमेरिकन गिऱ्हाईक फारसं विचारत नाही, चीनमध्ये मात्र त्यांना चांगला भाव येतो. (डुकराच्या काळीज-मांसाचं सोरपोतेल रांधणाऱ्या गोवेकरांना यात नवल वाटणार नाही, काळीज टाकून द्यायचं असतं, हेच त्यांना पटायचं नाही.)

अमेरिकेतल्या उत्पादनाचा साधारण चौथा हिस्सा निर्यात होतो. 2024 मध्ये त्याची किंमत 8 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. कापलेल्या प्रत्येक डुकरामागे हिशेब केला, तर निर्यातीचे 60 डॉलरहून अधिक निघतात. घरच्या बाजारात ज्याला मोल नाही, त्याला जगात कुठेतरी गिऱ्हाईक शोधून देणं, हेच निर्यात-प्रचाराचं खरं काम. त्यासाठी 1976 पासून मांस निर्यात महासंघ आहे. तो परदेशातल्या आचाऱ्यांना शिकवतो, आयातदारांना कत्तलखाने दाखवतो, दुकानांत चव चाखायला देतो. त्याच्या तिजोरीत मका आणि सोयाबीनवाल्यांचाही पैसा असतो. डुक्कर खातं तेच, त्यामुळे मांस बोटीवर चढलं की त्यांचाही माल खपला.

डुक्करपालकाकडून पैसा कपातीने येतो. 1985 च्या कायद्याने, जनावर विकलं की 100 डॉलरमागे काही सेंट राष्ट्रीय पोर्क मंडळाकडे जातात. बरीच वर्षं हा दर 40 सेंट होता, 2023 मध्ये तो 35 वर आला. उसाच्या बिलातल्या कपाती वाचायची सवय असलेल्या आपल्या शेतकऱ्याला पुढची गोष्ट वेगळी सांगायला नको. 1998 च्या डिसेंबरात जनावरं उदंड झाली, कत्तलखाने कमी पडले आणि जिवंत डुकराचा भाव पौंडाला 10 सेंटच्या आसपास कोसळला. दुकानातलं मांस काही तेवढं स्वस्त झालं नाही. छोटे पालक मोडले, कपात चालूच राहिली. 2000 साली या कपातीवर पालकांचं मतदान झालं, तेव्हा त्यांनी बहुमताने कपात बंद करा म्हणून कौल दिला. 2001 मध्ये सरकार बदललं, कपात बंद करण्याविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि कपात टिकली. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातला हा सगळ्यात कडू घास.

प्रचाराचा पैसा कितीही ओतला तरी आयातशुल्कापुढे त्याचं फार चालत नाही. 2018 मध्ये ट्रम्प यांच्या शुल्कांना उत्तर म्हणून चीनने अमेरिकन डुकराच्या मांसावरचा कर 62 टक्क्यांवर नेला. मेक्सिकोनेही 20 टक्के लावला. त्याच ऑगस्टमध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर उघड झाला आणि तिथले कळप भराभर मेले. मग कर असूनही चीनला मांस लागलंच, पण त्याच्या अटीवर: रॅक्टोपामिन हे वाढीचं औषध दिलेलं जनावर चालणार नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी ते मुकाट्याने सोडलं.

भारताचं दार याच मांसासाठी 2022 च्या जानेवारीत उघडलं, शुल्क 30 टक्के ठेवून. त्याच सुमारास झालेल्या बोलण्यांत आपला आंबा आणि डाळिंब अमेरिकेत जाण्याची वाट मोकळी झाली. महामारीत अमेरिकन निरीक्षक येऊ न शकल्याने दोन हंगाम अडलेला हापूस वाशीच्या विकिरण केंद्रातून पुन्हा निघाला. अमेरिकन मांस मात्र आपल्याकडे अजून पंचतारांकित हॉटेलं आणि महागड्या दुकानांपुरतंच आहे. 30 टक्के शुल्क भरून आलेला माल गोव्याच्या मासळी-मटण बाजारात स्थानिक डुकराशी भावात टक्कर देऊ शकत नाही.