शिंगांची रुंदी की नराचं वय?

आफ्रिकेतल्या केप बफेलोच्या शिकारीचं मोल अनेक जण शिंगांच्या रुंदीवर ठरवतात. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या रोलंड वॉर्डच्या नोंदवहीनं 42 इंचांचा उंबरठा रूढ केला. मला हे मोजमापच घातक वाटतं. पाच-सहा वर्षांच्या नराची शिंगं बरीच रुंद असतात, पण कपाळावरचा त्यांचा बुंधा अजून मऊ असतो, मध्ये केसाळ पट्टा दिसतो. त्याचा प्रजननाचा काळ पुढे असतो, आणि नेमका तोच टिपला जातो. उलट कळपापासून दुरावलेल्या, चिखलात लोळणाऱ्या म्हाताऱ्या नराची टोकं झिजून रुंदी घटते. बुंधा मात्र दगडासारखा टणक होतो. वय पाहून नर निवडायचा म्हटलं, तर दुरून वय कळत नाही, असा आक्षेप असतो. पण इंचही दुरून अंदाजानंच मोजतात. मुळात मारायचंच कशाला, हा प्रश्न रास्तच आहे; पण जिथं शिकार कायदेशीर आहे, तिथं तरुण नर वाचवणं आजही शक्य आहे.