शंखातला पुरावा

पालमच्या शिवाराजवळून गोदावरी वाहते. डिग्रस बंधाऱ्याचं पाणी तुंबलं की अशा काठांवर शेवाळ माजतं, आणि गढूळ पाण्यात बुडालेल्या गवताला पाणगोगलगायी चिकटतात. म्हशी तिथेच डुंबतात, तेच गवत खातात. पुढे एखादीच्या जबड्याखाली पाणी साचतं, ती खंगते, दूध आटतं. तिच्या यकृतात चपटा कृमी शिरलेला असतो, लिव्हर फ्लूक. त्याचं अर्धं आयुष्य गोगलगायीत जातं, हे इंग्लंडात थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे उलगडलं.

गोगलगायीची तपासणी मात्र अजूनही साध्या नळीतच सुरू होते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी परजीवीशास्त्र शिकणाऱ्याच्या हाताला हे काम सवयीचं व्हायला हवं. एका नळीत एकच गोगलगाय, क्लोरीन नसलेलं स्वच्छ पाणी, आणि नळी उजेडात. हातमोजे आधी. तासा-दोन तासांनी नळी काळ्या कागदासमोर धरली की पाण्यात पांढुरके ठिपके थरथरताना दिसतात. हे सर्केरिया, कृमीची पोहणारी पिल्लं.

आता शेपटी बघायची. लायम्निया गोगलगायीतून निघालेल्या फ्लूकच्या पिल्लाची शेपटी सरळ असते. थोड्या वेळात ती गळते आणि पिल्लू काचेलाच चिकटून कवच धरतं. गवताच्या पात्यावरही ते असंच बसतं आणि म्हशीच्या पोटात जातं. इंडोप्लॅनॉर्बिस या चपट्या वेटोळ्याच्या गोगलगायीतून निघालेल्या पिल्लाच्या शेपटीला दोन फाटे दिसले, तर ते रक्तकृमीचं असण्याची शक्यता मोठी. जनावरांचे हे रक्तकृमी माणसाच्या कातडीतही घुसतात. तिथेच मरतात, पण खाज मागे ठेवतात. डोहात पोहून आलेल्या पोराच्या अंगावरचं पुरळ पाहताना डॉक्टरांनी हेही मनात धरावं, असं मला कळकळीने वाटतं.

पिल्लं फार वळवळत असतील तर लुगॉल आयोडीनचा एक थेंब पुरतो. ती थांबतात, रंग धरतात, अवयव मोजता येतात. नळी कोरी राहिली म्हणून गोगलगाय निरोगी ठरत नाही. कृमी आत अजून वाढत असेल. मग शंख दोन काचांमध्ये दाबून फोडायचा आणि यकृताच्या भागात आधीच्या अवस्था शोधायच्या. पीसीआर त्याहून आधी, डीएनएवरून जात सांगतो.

या चिकाटीचं मोल रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीने दाखवलं. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी तिथे माणसांमधल्या रक्तकृमीचा स्थानिक प्रादुर्भाव नोंदवला. लघवीतून रक्त जाणारा हा रोग. त्याचं घर म्हणून नंतर ज्या फेरिसिया टेन्युइसचं नाव पुढे आलं, तिच्या शंखाला वेटोळंसुद्धा नाही. काही मिलिमीटरची, उलट्या वाटीसारखी टोपी, पाण्यातल्या पानाला चिकटून बसलेली.