किल्ल्यापासून तलासरीपर्यंत: वसई-विरारचे सायकलस्वार

रस्त्यावरच्या सायकलिंगला सकाळच्या सरावासाठी कमी रहदारीची वाट लागते, लांब पल्ल्यासाठी शंभर-दीडशे किलोमीटर सलग धावणारा रस्ता लागतो आणि पायांतली खरी ताकद पाहायला चढ लागतो. वसई-विरारच्या सायकल क्लबांना हे सगळे घराजवळ मिळते. पश्चिमेला समुद्रालगतचा हिरवा पट्टा, पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्यापलीकडे सह्याद्रीकडे चढत जाणारा जव्हारचा भाग. नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणारी इथली माणसे पुढे दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरचे पल्ले पूर्ण करतात, त्यामागे या भूगोलाचा मोठा वाटा आहे.

पहिली शाळा पश्चिमेच्या गावरस्त्यांवर भरते. वसई किल्ल्याकडून निघून पापडी, गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी करत अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरची फेरी. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना केळीच्या, फुलांच्या, भाजीच्या वाड्या, मध्येच विहिरी आणि चर्च. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीने बेसुमार बांधकामाला विरोध केला नसता, तर आज सकाळी साडेपाचला सायकलस्वारांना मिळणारी ही सावली आणि शांतता कितपत उरली असती, हा प्रश्नच आहे. वाट अरुंद आणि वळणावळणाची असल्याने इथे वेग वाढवता येत नाही. नवख्याला मात्र ती फार उपयोगी पडते, कारण सायकल सरळ रेषेत ठेवणे, गिअर वेळेवर बदलणे आणि पुढच्याच्या चाकावर नजर ठेवून चालवणे इथे अंगवळणी पडते.

रविवारची ग्रुप राईड यापेक्षा लांबची असते. शिरसाट फाट्यावरून पारोळमार्गे वज्रेश्वरी-गणेशपुरी हा नेहमीचा बेत. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी आप्पांनी ज्या देवीला नवस बोलल्याची परंपरा सांगतात, तिच्या मंदिराच्या पायथ्याशी आज चहा घेऊन परतणारे सायकलस्वार दिसतात. रस्ता थोडा चढ-उताराचा असल्यामुळे गटातल्या प्रत्येकाची कुवत इथे उघडी पडते, आणि गटाने चालवण्याचे शास्त्रही इथेच कामाला येते.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक म्हणजे हवा. वेग वाढला की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्यामुळे ताशी २५ किलोमीटरवरून ३० वर जाताना वेग पाचव्या हिश्शानेच वाढतो, पण हवेशी झुंजायला लागणारी शक्ती सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढते. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाजवळ राहिले तर त्याने फोडलेल्या हवेचा फायदा मिळतो आणि मागच्याची तीस टक्क्यांच्या आसपास मेहनत वाचते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. चांगल्या गटात पुढे राहण्याची पाळी ठरावीक वेळाने बदलते. पुढचा स्वार बाजूला सरकून शेवटी येतो आणि दुसरा हवा अंगावर घेतो. हाताने खड्डा दाखवणे, थांबण्यापूर्वी हात वर करणे, अचानक ब्रेक न दाबणे हे शिष्टाचार वाटले, तरी चाकाला चाक लागण्याइतके जवळ चालवताना सगळ्यांची सुरक्षितता त्यांवरच अवलंबून असते. क्लबची खरी परीक्षा पुढच्याच्या वेगात होत नाही, ती सर्वांत मागच्याला घरी कसे आणले जाते यात होते. म्हणून बहुतेक गटांत एक अनुभवी स्वार मुद्दाम सर्वांत मागे राहतो. पंक्चर झाले तर ट्यूब बदलायला तोच मदत करतो.

यासाठी लागणारी रोड बाइक साध्या सायकलीपेक्षा हलकी, बहुधा आठ ते दहा किलोची. हँडल खाली वळलेले, म्हणजे वाकून हवेतून जाता येते. टायर अरुंद, २५ ते ३२ मिलिमीटरचे. पूर्वी जितका टायर बारीक आणि जितकी हवा कडक तितका वेग जास्त, असा समज होता. तो आता मागे पडला आहे. आपल्या खडबडीत रस्त्यांवर थोडा रुंद टायर आणि थोडे कमी प्रेशर ठेवले तर सायकल उसळत नाही, अंग कमी दुखते आणि वेगही फारसा घटत नाही.

तासातासांच्या या फेऱ्या मागे टाकून माणूस पहिल्यांदा दिवसभर सायकल चालवतो तो बहुधा बीआरएम या लांब पल्ल्याच्या राईडसाठी. फ्रेंच नावाची ही आद्याक्षरे, बोलण्यात तिला ब्रेव्हेही म्हणतात. या परंपरेचे मूळ १८९७ सालच्या इटलीत आहे. बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला, सुमारे २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात पोहोचण्यासाठी निघाले आणि अशा धाडसी स्वारांना ‘ऑडॅक्स’ म्हटले जाऊ लागले. १९०४ मध्ये ही कल्पना फ्रान्सने उचलली आणि १९२१ पासून पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने प्रत्येकाने आपापल्या वेगाने चालवण्याचे ब्रेव्हे सुरू केले. आज जगभरच्या ब्रेव्हेंना अंतिम मान्यता हाच क्लब देतो. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रँदोनिअर्स या संस्थेमार्फत चालते.

ब्रेव्हे ही शर्यत नाही. पहिला आणि शेवटचा असा क्रम लावला जात नाही, बक्षीस नसते. नेमून दिलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचे, एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास. एकाच मोसमात हे चारही पल्ले पूर्ण करणारा ‘सुपर रँदोनिअर’ ठरतो. हजार किलोमीटरसाठी पंच्याहत्तर तास मिळतात. किमान वेळही ठरलेली असते. २०० किलोमीटर पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत संपवले तर शेवटच्या नाक्यावर थांबून राहावे लागते. वाटेत ठरावीक ठिकाणी, म्हणजे कंट्रोलवर, ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्का मारायला कोणी नसेल तर जवळच्या एटीएमची पावती पुरावा म्हणून चालते. सोबत मदतीची गाडी ठेवता येत नाही. पंक्चर काढणे, खाणे, दिवे, रात्रीचा विसावा हे सगळे ज्याचे त्याने बघायचे. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि अंधारात चमकणारे जाकीट आवश्यक.

साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरहूनही कमी सरासरी. ऐकायला सोपे वाटते, पण या वेळात थांबणे धरलेले असते. ताशी २२ किलोमीटरने चालवणाऱ्याचे नऊ तास सायकलवर जातात आणि जेवण, पंक्चर, कंट्रोल यांना मिळून साडेचार तास उरतात. ६०० किलोमीटरमध्ये ताशी वीसचा वेग धरला तर तीस तास सायकलवर आणि झोपेसह बाकी सगळ्याला दहा. अनुभवी रँदोनिअर, म्हणजे ब्रेव्हे करणारा स्वार, सायकलीचा वेग वाढवण्याच्या मागे फारसा लागत नाही, तो थांबण्याचे तास कमी करतो. ढाब्यावर गप्पांत गेलेली वीस मिनिटे पाय सहज भरून काढू शकत नाहीत.

वसईकरांसाठी या पल्ल्यांचा राजमार्ग म्हणजे अहमदाबाद महामार्ग. वसई फाट्यापासून मनोर सुमारे पन्नास किलोमीटर, चारोटी पंच्याहत्तर आणि तलासरी शंभरच्या घरात. तलासरीला जाऊन परतले की दोनशेचा हिशेब जवळजवळ पुरा होतो. खानिवड्यानंतर सातिवली, ढेकाळे, मग मनोरचा मस्तान नाका, पुढे मेंढवणची खिंड, चारोटीजवळ सूर्या नदी आणि महालक्ष्मीचा डोंगर. मोठा घाट नाही, पण छोटे चढ एकामागून एक येत राहतात. डहाणूच्या बाजूला चिकूचा मोसम असला की रस्त्याकडेला टोपल्या लागतात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू गोड, मऊ आणि चटकन पचणारा, म्हणजे सायकलस्वाराला हवे तेच देणारा.

या रस्त्यावर वाऱ्याचे गणितही कळते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा वारा मंद असतो. दुपारपासून समुद्रावरचा वायव्येचा वारा जोर धरतो. पहाटे वसईहून उत्तरेला निघून दुपारी दक्षिणेकडे वळणाऱ्याला तो पाठीशी मिळतो. दुपारी उत्तरेकडे तोंड करून चालवणाऱ्याला मात्र तोच वारा दर किलोमीटरला अडवतो. कसारा घाट चढून नाशिककडे जाणाऱ्या पल्ल्यांत उलटे होते. परतताना घाट उतरल्याचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच पश्चिमेचा वारा समोर उभा राहतो.

ब्रेव्हेचा मोसम नोव्हेंबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मोजला जातो. हे वेळापत्रक फ्रान्समध्ये ठरलेले असले तरी कोकणाला ते सोयीचे पडते, कारण आपला थंडीचा मोसम आरंभालाच येतो. मार्चनंतर उष्मा आणि दमट हवा घाम सुकू देत नाहीत आणि शरीर थंड होण्याची मुख्य वाटच अडते. अशा वेळी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, त्यासोबत मीठही. नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम घटून चक्कर, मळमळ आणि त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. शरीरातला साखरेचा साठा दोनेक तासांच्या जोरकस मेहनतीत बराच संपतो. त्यानंतर पाय अचानक रिकामे झाल्यासारखे वाटतात. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे खायचे. केळे, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे बाजारातल्या महागड्या जेलइतकेच काम करतात.

शर्यतीचे जग निराळे. तिथे घड्याळाबरोबर दुसऱ्या माणसाशीही झुंज असते. महाराष्ट्रात सर्वांत नावाजलेली मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या महामार्गाने बोर घाट चढते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची उंची गाठावी लागते आणि तो टप्पा जिंकणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब मिळतो. सपाटीवर गटाच्या आडोशाने आलेले स्वार घाटात एकेक करून मागे पडतात, कारण चढावर वेग कमी, हवेचा फायदा नगण्य आणि शरीराच्या वजनाच्या मानाने असलेली ताकदच निर्णायक. वसई-विरारच्या सपाटीवर वाढलेल्या स्वाराला हा सराव मुद्दाम करावा लागतो. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हार, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर, हा त्यासाठी सर्वांत जवळचा आणि सुंदर रस्ता. जानेवारी २०२६ मध्ये पुण्याभोवती झालेल्या पुणे ग्रँड टूरने आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत महाराष्ट्राच्या घाटांत आणली.

याही पलीकडे अतिदीर्घ शर्यती आहेत. पुण्याहून गोव्यापर्यंतची, सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही त्यांतली महाराष्ट्रातली प्रमुख. एकट्याने चालवणाऱ्याला इथे दुसऱ्याच्या मागे राहून हवा चुकवण्याची मुभा नसते, पण ब्रेव्हेच्या उलट पथकाची गाडी मागे असते. ही स्पर्धा ठरावीक वेळेत पूर्ण करणारा ‘रेस अक्रॉस अमेरिका’साठी पात्र ठरतो. अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडणारी ती शर्यत सुमारे ४८०० किलोमीटरची, एकट्या स्वाराला बारा दिवसांची मुदत. २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. तोवर कोणा भारतीयाला ते जमले नव्हते. समर्थ यांनी पुढच्याच वर्षी रशियातली सुमारे ९१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यत संपवली. नवी मुंबईचे कबीर राचुरे २०१९ मध्ये अमेरिकेतली शर्यत एकट्याने पार करून आले. ही माणसे व्यवसायाने सायकलपटू नाहीत. पहाटे सराव आणि दिवसा काम, हाच त्यांचाही दिनक्रम. त्यामुळे क्लबात नव्याने आलेल्या माणसाला त्यांची उदाहरणे परकी वाटत नाहीत.

अमेरिकेच्या शर्यतीचा खर्च बहुतेकांना परवडण्यापलीकडचा. त्यामानाने सामान्य स्वाराचे स्वप्न असते पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर, नव्वद तास, दर चार वर्षांनी. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेल्या या पल्ल्याचा पहिला विजेता शार्ल तेराँ सुमारे एकाहत्तर तासांत परतला होता. आता तिथे क्रमांक नसतात. पात्र होण्यासाठी त्याच वर्षी चारही ब्रेव्हे पूर्ण करावे लागतात. २०१९ मध्ये तीनशेहून अधिक भारतीय तिथे उतरले. अनेकांना थंडी, सततचे चढ आणि झोपेची ओढ जड गेली. कोकणच्या उकाड्यात तयार झालेल्या शरीराला फ्रान्समधल्या पहाटेच्या गारठ्याची तयारी वेगळी करावी लागते.

वसई-विरारच्या स्वाराची रोजची चिंता मात्र रहदारीची आहे. महामार्गावर अवजड वाहने दिवसरात्र धावतात, कडेला थांबलेले ट्रक असतात, चुकीच्या दिशेने दुचाकी येतात. अलीकडच्या काँक्रीटीकरणाने खड्डे कमी केले, पण मुख्य रस्ता आणि कडेची पट्टी यांच्या पातळीतला फरक अरुंद टायरसाठी धोक्याचा आहे. सायकलसाठी कडेला सलग, समतल आणि मोकळी पट्टी राखणे ही फार मोठी मागणी नव्हे. त्याच पट्टीवरून रोज कामावर जाणारा मजूर आणि शाळेत जाणारी मुलगीही सायकल चालवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो फेरीमुळे खाडी ओलांडायला महामार्गाचा पस्तीसेक किलोमीटरचा वळसा घ्यावा लागत नाही, हा सायकलस्वारांना झालेला मोठा फायदा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला दोनशेपर्यंत पोहोचायला बहुधा तीन-चार महिने पुरतात. आधी किनाऱ्याच्या फेऱ्या, मग वज्रेश्वरी, मग मनोर गाठून शंभर, आणि आठवड्याला एकूण अंतर सुमारे दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही. गुडघा दुखू लागला तर अनेकदा कारण साधे असते, सीट खाली असते. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी ती वर घ्यायची. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे पाय फिरवायचे. दोनशेच्या आधी निदान एकदा अंधारात, गटाबरोबर, स्वतःच्या दिव्यांवर चालवून पाहायचे. तीनशेपासून पुढचा रस्ता रात्रीतूनच जातो.