पीसी म्हातारा झालाय, राव!

नवे गेम दारात उभे, जुनं मशीन धापा टाकतंय आणि रॅमचे भाव गगनाला! अशा वेळी अपग्रेड करायचं, की अजून एक वर्ष ढकलायचं?

तुमच्याकडे २०१६ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेला गेमिंग पीसी असेल, तर त्याची दुखणी तुम्हाला वेगळी सांगायला नकोत. बटण दाबलं की पंखा चटणीच्या मिक्सरसारखा ओरडतो. गेम लोड होईपर्यंत कांदेपोहे करून खाऊन होतात. आणि ऐन मोक्याला, समोरचा नेम धरून उभा असताना, स्क्रीन अर्धा सेकंद गोठते. खेळ खल्लास! मग हेडफोनमधून मित्रांची बोलणी आणि त्यावर आपलं ठरलेलं वाक्य... ‘अरे, माझा पीसी यार!’

माझा पीसी २०१७ चा. आय५-७५०० प्रोसेसर, सहा जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि आठ जीबी रॅम (नंतर सोळा केली). तेव्हा मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते. ‘एडिटिंगला लागतो’ या एका वाक्यावर बाबांनी सत्तर हजारांच्या आसपासची रक्कम काढून दिली होती. एडिटिंगही त्यावरच झालं, खोटं कशाला बोलू? पण रात्री अकरानंतर त्याच मशीनवर लॉस सँटोसच्या रस्त्यांवर गाड्याही पळाल्या.

आणि सांगते, तो काळच भारी होता. १०६० जुलै २०१६ मध्ये आलं आणि मध्यमवर्गीय गेमर्सचं लाडकं कार्ड झालं. स्टीमच्या हार्डवेअर सर्व्हेत कित्येक वर्षं ते पहिल्या नंबरवर ठाण मांडून होतं. १२० वॉटमध्ये चालायचं, साध्या एसएमपीएसवर निभावायचं आणि त्या वेळचा जवळपास प्रत्येक गेम झकास दाखवायचं. म्हणून तर आपण त्याला इतकी वर्षं ओढलं. शिवाय २०२१ मध्ये नवं कार्ड घ्यावं म्हटलं, तर क्रिप्टोवाल्यांनी बाजार उठवलेला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच मोडीत काढली, तेव्हा कुठे कार्डं पुन्हा माणसांच्या हाती लागली.

मग आत्ताच काय झालं?

दोन गोष्टी झाल्या, त्याही एकाच महिन्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची सोय ठेवली, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ वर जावं, तर त्याला टीपीएम २.० हवं आणि प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकलं! लग्नाच्या बाजारात वयाच्या एका वर्षाने स्थळ हुकावं, तसं काहीसं. आडमार्गाने ११ बसवणारे बहाद्दर आहेत, पण ज्या मशीनवर मी बँकेचे व्यवहार आणि क्लायंटच्या फाइल्स हाताळते, त्यावर असले प्रयोग मला नकोत.

दुसरी गोष्ट एनव्हिडियाची. १०६० ज्या पास्कल घराण्यातलं, त्याला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं बंद. सिक्युरिटी अपडेट्स तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार. म्हणजे कार्ड मेलेलं नाही, पण पेन्शनीत गेलंय.

आणि गेम? डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. सेटिंग कितीही खाली आणा, १०६० ला तिथे प्रवेश नाही.

एकट्याने खेळायचे गेम मी एक वेळ सोडून दिले असते. जीव अडकलाय तो आमच्या शुक्रवारात. कॉलेजपासूनची आमची चौघांची गँग आहे. एक पुण्यात, एक बंगळुरूला, एक टोरांटोला आणि मी डोंबिवलीत. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा टोरांटोवाला जेवणाच्या सुट्टीत असतो, पण येतो बिचारा. गेमच्या निमित्ताने कुणाचा ब्रेकअप कळतो, कुणाच्या आईचं ऑपरेशन कळतं. मुद्दाम फोन करून या गोष्टी कुणी कुणाला सांगितल्या असत्या, असं मला वाटत नाही. आता तिघांना ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ खेळायचाय. फेब्रुवारी २०२५ चा गेम, शिकारीला एका वेळी चार जण. नेमके चार! आणि त्याची किमान अट? आय५-१०४०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० कार्ड, १६ जीबी रॅम आणि एसएसडी. चारपैकी दोन परीक्षांत मी नापास.

‘अगं, आता तरी बदल तो डबा!’ हे बंगळुरूवाला म्हणतो. त्याचं ठीक आहे, त्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला येतो. फ्रीलान्सरचा चेक कधी येतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे.

घरी विषय काढला, तर बाबांचा सरळ प्रश्न. ‘चालू आहे ना? मग बदलायचं काय त्यात?’ आमच्याकडचा मिक्सर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, हे इथे लक्षात घ्या.

आधी नाडी बघा

पण खरं सांगू? बाबांचा प्रश्न वाटतो तितका जुनाट नाही. कारण ‘पीसी स्लो झाला’ म्हणजे नक्की काय स्लो झालं, हे आपल्यापैकी फार थोडे जण बघतात. खिशात हात घालण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसर आणि कार्डाचा वापर दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर लावा. कार्ड ९८-९९ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत? मग दुखणं कार्डाचं. प्रोसेसर शंभरावर आणि कार्ड साठ-सत्तरवर लोळतंय? मग कितीही महागडं कार्ड आणा, पैसे पाण्यात. अजून एक सोपी परीक्षा. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स वाढल्या तर कार्ड थकलंय, ढिम्म हलल्या नाहीत तर प्रोसेसर.

माझ्याकडे निकाल प्रोसेसरच्या विरोधात गेला. चार कोअर, चार थ्रेड... २०१७ मध्ये हे पुरेसं होतं. आता मागे एक ब्राउझर आणि व्हॉइस चॅट चालू असलं, तरी त्याला घाम फुटतो.

त्याआधी स्वस्तातले उपायही करून बघा बरं का. मुंबईची धूळ आणि दमटपणा मशीनचा जो छळ करतात, त्याला तोड नाही. मी कॅबिनेट उघडलं, ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ९० च्या घरातून सत्तरीवर आलं आणि पंख्याचा आवाज एकदम गुणी मुलासारखा! गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडी घ्या. ‘सायबरपंक २०७७’ सारख्या गेमनेही २०२३ मध्ये हार्ड डिस्कचा नाद सोडून एसएसडीची अट घातली. रॅमची एकच कांडी असेल तर तशीच दुसरी शोधा. दोन कांड्या जोडीने चालल्या, की प्रोसेसरचा भार हलका होतो. कित्येकांचं अपग्रेड इथेच संपेल, आणि संपलं तर आनंदच आहे!

एक धागा ओढला की...

इथून पुढे खरी गंमत. प्रोसेसर बदलायचा म्हटलं, तर माझ्या बोर्डावर आठव्या पिढीचा बसायला हवा की नाही? सॉकेटचं नाव तेच, ११५१. पिनाही तेवढ्याच. पण इंटेलने आठव्या पिढीला नवा चिपसेट लागेल असं ठरवलं, त्यामुळे जुना बोर्ड बाद. याउलट ज्यांनी २०१७ मध्ये एएमडीचा रायझन घेतला, त्यांनी आज कॉलर टाइट करावी. २०२२ मध्ये एएमडीने त्या जुन्या ३०० सीरिजच्या बोर्डांवरही रायझन ५००० चालवायला परवानगी दिली. बोर्ड कंपनीचा बायॉस अपडेट मारा, ५६०० किंवा ५८००एक्स३डी बसवा, झालं! तुमच्या घरी असा बोर्ड असेल, तर हा लेख इथेच सोडून कामाला लागा.

माझ्यासारख्यांना बोर्ड बदलणं आलं. नवाकोरा प्लॅटफॉर्म घ्यायचा तर डीडीआर५ रॅम लागते, आणि इथे खरी गोम आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की बघायला नको. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी आणि कारखाने तिकडेच माल वळवतायत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशियल’ हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या पीसीला क्रुशियलच्याच कांड्या आहेत. उगाच हळहळले.

म्हणून मी उलटा विचार केला. माझ्याकडची १६ जीबी डीडीआर४ रॅम आता चक्क किमती वस्तू आहे, मग तीच वाचवायची. ती रॅम चालेल असा एएम४ चा बोर्ड आणि त्यावर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, विंडोज ११ ला अधिकृत मान्यता आणि एसएसडीसुद्धा जुनीच. एएम४ आता पुढे जाणारा रस्ता नाही हे मान्य, त्याची गादी २०२२ मध्येच एएम५ कडे गेली. पण मला पुढची दहा वर्षं नकोयत. रॅमचा बाजार थंड होईपर्यंतची दोन-तीन वर्षं हवीयत.

तर एका सकाळी डोंबिवली-दादर-ग्रँट रोड करत लॅमिंग्टन रोड गाठला. (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण या नावाने पत्ता विचारून बघाच.) पहिल्या दुकानात शिरले, तर काउंटरवरचा विचारतो, ‘भावासाठी घेताय का, मॅडम?’ मी बी५५० बोर्डाच्या व्हीआरएमबद्दल विचारलं. त्याने मुकाट्याने आत हाक मारून दुसऱ्या माणसाला बोलावलं. तो दुसरा मात्र जाणकार निघाला. मी कार्डाबद्दल विचारल्यावर पहिला प्रश्न केला, ‘एसएमपीएस किती वॉटचा? किती वर्षांचा?’ साडेचारशे वॉटचा आणि २०१७ चा म्हटल्यावर त्याने मान हलवली. ‘कार्ड नंतर घ्या. आधी हा बदला. जाताना एकटा जाणार नाही.’

सेकंडहँडचा मोह मलाही होता. आरटीएक्स ३०६० चं बारा जीबीचं मॉडेल अजून बरं चालतं, पण ते फेब्रुवारी २०२१ चं, म्हणजे ऐन मायनिंगच्या धामधुमीतलं. घ्यायचंच तर समोर अर्धा तास गेम चालवून बघा आणि बिल असेल तरच हात लावा. नव्यात आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉट खातं, माझ्या १०६० पेक्षाही कमी! पण मेमरी आठच जीबी. दोन जीबी जास्त मिळावी म्हणून नऊ वर्षं थांबले का मी? आणि हो, अशी आठ लेनवाली कार्डं जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर कधीकधी मार खातात, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

शेवटी पिशवीत तीन वस्तू आल्या... बोर्ड, प्रोसेसर आणि साडेसहाशे वॉटचा एसएमपीएस. कार्ड तेच. बाबांनी बिल बघितलं, चष्मा वर केला आणि एवढंच म्हणाले, ‘म्हणजे सगळा नाही बदललास. बरं केलंस.’ मग स्क्रू ठेवायला वाटी आणून दिली आणि दोन तास टॉर्च धरून बसले.

काउंटर-स्ट्राइक आता लोण्यासारखं चालतंय. वाइल्ड्सचं म्हणाल, तर कार्ड अजून अटीत बसत नाही, त्यामुळे गँगशी वाटाघाटी झाल्या. शुक्रवारी ते तिघं शिकारीला जाणार, मी व्हॉइस चॅटवर फुकटचे सल्ले देणार. रविवारी मात्र जुना गेम आणि चौघांची हजेरी सक्तीची. कार्डाचं दिवाळीच्या सेलमध्ये बघू. एक बडा क्लायंट तीन महिने पेमेंट अडवून बसलाय, ते तोवर आलं तर. कॅबिनेटमध्ये जागा किती आहे, ते टेप लावून मोजून ठेवलंय. २८ सेंटिमीटर.